एक इंजिन कीं दोन?

वेगवान होडीला इंजिन एक असावें कीं दोन, ह्या प्रश्नाचा निकाल गिरगांवांतल्या चाळीच्या गॅलरींत बसून लावावा लागेल, असें आम्हांला कोणी दहा वर्षांपूर्वीं सांगितलें असतें, तर आम्हीं तें हंसण्यावारी नेलें असतें. आमचा आणि जलवाहनांचा संबंध तसा बेताचाच. एलिफंटाची सहल, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यापर्यंतचा लाँचचा प्रवास, आणि पुढें वयोमानाप्रमाणें चौपाटीच्या वाळूंत बसून क्षितिजावरच्या जहाजांकडे पाहत राहणें, एवढीच आमची दर्यावर्दी कामगिरी. परंतु मध्यमवर्गीय घरांत जो माणूस फारसा बोलत नाहीं त्याला लोक विचारी समजतात, आणि ज्याला विचारी समजतात त्याच्याकडे नसत्या गोष्टींचे निवाडे येतात. त्याप्रमाणें हाही आला.

प्रकरण असें. आमच्या थोरल्या बहिणीचें बिऱ्हाड दादरला हिंदु कॉलनींत. सासरचें जुनें घर अलीबागेजवळ किहीमला. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, इंजिनियर. हातांत चार पैसे खेळूं लागले तसें त्याच्या आणि त्याच्या दोघां मित्रांच्या मनानें घेतलें कीं, भागीदारींत सत्तावीस फुटांची एक वेगवान होडी घ्यावी आणि शनिवारीं सकाळीं गेटवेवरून सुटून वीस मिनिटांत मांडव्यास लागावें. होडीची लांबी ठरली, कारखाना ठरला, कुलस्वामिनीचें नांवही ठरलें. अडलें तें इंजिनाशीं. भाचा म्हणे, तीनशें अश्वशक्तीचें एकच इंजिन पिछाडीला लटकवूं. अक्का म्हणे, दीडशें-दीडशेंचीं दोन घे, नाहीं तर होडी घेऊंच नको.

अक्काचा मुद्दा थोडक्यांत असा : देवानें माणसाला डोळे दोन दिले, कान दोन दिले, मूत्रपिंडें दोन दिलीं, मग होडीला इंजिन एकच कां? भाचा म्हणाला, "पण आई, हृदय एकच दिलें ना?" त्यावर अक्का म्हणाली, "म्हणूनच तुझे बाबा दोन वर्षें गोळ्या घेताहेत." ह्या उत्तरानें सभा बरखास्त झाली आणि दोघेंही दुसऱ्या दिवशीं स्वतंत्रपणें आमच्याकडे आलीं.

भाच्याची बाजू प्रथम ऐकावी लागली, कारण तो आंकडे घेऊन आला होता. त्याचें गणित आम्हांला पटलें, आणि ज्यांना वेगाचा शोक आहे त्यांनीं तें लक्षांत ठेवावें असेंही वाटलें. पाण्यावर उचलून धांवणाऱ्या होडीचा वेग अश्वशक्तीच्या प्रमाणांत वाढत नाहीं. तो साधारणपणें तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. जॉर्ज क्राउच ह्या अमेरिकन नौकारचनाकाराच्या नांवानें ओळखलें जाणारें हें सूत्र होड्या बांधणाऱ्यांच्या हातांत अजून असतें. एका इंजिनावर होडी ४० नॉट धांवत असेल, तर तसेंच दुसरें बसवल्यानें ती ८० नॉट धांवेल हा केवळ भाबडेपणा. सूत्राप्रमाणें ती फार तर ५६ नॉट धांवेल; आणि तेंही दुसऱ्या इंजिनाला वजन नसतें तर! प्रत्यक्षांत इंजिनाचें वजन, त्याला लागणाऱ्या पेट्रोलाचें वजन, पाण्यांत बुडालेल्या त्याच्या पायाचा अडथळा, हीं सर्व वजा जातां पन्नास गांठले तरी पुष्कळ.

आणि आमच्या भाच्यापुढें तर शक्ति दुप्पट करण्याचा प्रश्नच नव्हता. तीनशेंचें एक किंवा दीडशेंचीं दोन, बेरीज तीच. तेव्हां तुलना उरली ती वजनाची आणि अडथळ्याची. आजकालच्या बनावटीचें तीनशें अश्वशक्तीचें आऊटबोर्ड इंजिन सुमारें २४० ते २६० किलो भरतें. दीडशेंचें एक २१० च्या आसपास, म्हणजे दोन मिळून सव्वाचारशें किलो. हा दीडशें-पावणेदोनशें किलोंचा जादा भार होडीच्या अगदीं पिछाडीला पडतो. त्यामुळें मागची बाजू बसते, नाळ वर राहते, आणि होडी पाण्यावर उचलली जाण्यास वेळ लागतो. शिवाय एका पायाऐवजीं दोन पाय पाण्यांत. वेग जितका अधिक तितका हा अडथळा अंगावर येतो. तेल दोनदां बदलावयाचें, पाण्याच्या पंपाच्या चकत्या दोनदां, प्लग दोन संच, आणि मेकॅनिकची मिनतवारीही दोनदां. "मामा, एकच वेग विकत घेण्यासाठीं दोन किंमती कशाला मोजायच्या?" असें त्यानें विचारलें.

प्रामाणिकपणा म्हणून दोन इंजिनांच्या बाजूचेंही त्यानें सांगितलें. एकाच पंख्याच्या फिरण्यानें होडी एका कुशीकडे ओढ घेते; दोन पंखे परस्परांच्या उलट फिरवले म्हणजे ही ओढ फिटते. धक्क्याला लागतांना एक इंजिन पुढें आणि एक मागें चालवलें तर होडी जागच्या जागीं वळते. गेटवेसमोर रविवारीं लाँचांची जी खेंचाखेंच असते ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ह्या गुणाचें मोल सांगावयास नको.

वेगाच्या इतिहासांतही भाच्याला साक्षी मिळाल्या. सन १९३२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या गार वूडनें 'मिस अमेरिका दहावी' ह्या होडींतून ताशीं १२४.८६ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्या होडींत पॅकर्डचीं चार प्रचंड इंजिनें होतीं. शक्ति सहा हजार घोड्यांच्या वर. पांच वर्षांनीं, १९३७ सालीं, इंग्लंडच्या माल्कम कॅम्बेलनें माज्जोरे सरोवरावर आपली 'ब्लू बर्ड' १२९.५ मैलांपर्यंत नेली. तिच्यांत रोल्स-रॉइसचें इंजिन होतें एक! १९३९ च्या ऑगस्टांत त्यानें नव्या 'ब्लू बर्ड'मधून कॉनिस्टन सरोवरावर तोच आंकडा १४१.७४ वर नेला, तोही एकाच इंजिनावर. चार इंजिनांच्या डोंगराला एका इंजिनाच्या पांखरानें मागें टाकलें असें म्हणावयाचा मोह होतो. पण त्या पांच-सात वर्षांत होडीच्या तळाची घडणही सुधारली होती, हें सांगितलें पाहिजे.

आणि परदेशच कशाला? सन २०१७ च्या मार्चमध्यें ३ ते ५ ह्या तारखांना मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हां कठड्यावर बसून पाहणाऱ्या गर्दींत आम्हीही होतों. अठ्ठावीस-अठ्ठावीस फुटांच्या त्या होड्या, प्रत्येकीला अडीचशें अश्वशक्तीचें एकच आऊटबोर्ड. लाटेवरून लाटेवर त्या अशा उडत कीं, क्षणभर पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळे आणि पुन्हां पाण्यांत बुडतांच आवाज जाड होई. खुल्या समुद्रावरच्या सर्वांत वरच्या वर्गाच्या शर्यतींत होड्यांना इंजिनें दोन असतात. तेथें माणसेंही दोन लागतात, एक चाक धरणारा आणि दुसरा केवळ वेगाच्या दांड्यांवर हात ठेवून बसणारा. मरीन ड्राइव्हवर आमच्या शेजारचे गृहस्थ भेळ खातां खातां म्हणाले, "एक बंद पडलें तर?" त्यांना उत्तर देण्याची गरज पडली नाहीं. मदतीच्या होड्या समोरच उभ्या होत्या.

ह्या शेवटच्या वाक्यांत, आमच्या मतें, अर्धा निवाडा आहे. शर्यतींतल्या माणसाला दुसऱ्या इंजिनाची गरज वाटत नाहीं, कारण त्याचें दुसरें इंजिन आयोजकांनीं आधींच पाण्यांत आणून ठेवलेलें असतें. सासून डॉकला लागणारे कोळ्यांचे मोठे मचवे पाहा. आजही ते बहुधा एकाच डिझेल इंजिनावर खोल समुद्रांत जातात. मग ते काय जिवावर उदार असतात? मुळींच नाहीं. ते चार जणांच्या संगतीनें जातात. एकाचें यंत्र बसलें तर शेजारचा तांडेल दोर टाकतो आणि बांधून आणतो. पूर्वीं यंत्रें नवीं होतीं तेव्हां मचव्यांवर शीडही ठेवीत. म्हणजे वाफेवर किंवा तेलावर चालणाऱ्या वस्तूला वाऱ्यावर चालणारी वस्तु जोडीला. ही जोडी आम्हांला दोन सारख्या इंजिनांच्या जोडीपेक्षां अधिक शहाणपणाची वाटते, आणि तसें कां वाटतें तें पुढें सांगतों.

तत्पूर्वीं अक्काबद्दल. तिचा हट्ट हा नुसता बायकी भित्रेपणा अशी जी समजूत भाच्याच्या मित्रांनीं करून घेतली होती ती आम्हांला मान्य नाहीं. आमच्या आजीचा धाकटा भाऊ 'रामदास' बोटीवर होता. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेनें कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. सणासाठीं गांवाकडे निघालेलीं तीं माणसें. गिरगांव-परळकडच्या कित्येक घरांत त्या अमावास्येला अजून कोणाचें तरी नांव निघतें. आमची आजी दरसाल दिव्याच्या अंवसेला पाटावर दिवे मांडतांना एक दिवा बाजूला, खिडकींत ठेवी. आम्ही लहान होतों. आम्हांला तो केवळ शोभेचा वाटे. अक्का सहा वर्षांनीं मोठी. तिला तो कोणाचा तें ठाऊक होतें. सकाळीं बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईस पोंचावयास दुपार उलटली, आणि वांचले त्यांपैकीं पुष्कळांना कोळ्यांच्या होड्यांनीं ओढून बाहेर काढलें, हेंही आजी प्रत्येक वेळीं सांगे.

आतां, 'रामदास' बुडाली ती इंजिन बंद पडलें म्हणून नव्हे, हें अक्काला आम्हीं सांगितलें. ती म्हणाली, "मला कळतं रे. मी इंजिनाचं बोलत नाहीं, मी पाण्यांत अडकून पडण्याचं बोलतेंय." हें वाक्य आमच्या मनांत राहिलें.

अडकून पडण्याचें गणित करूं गेल्यास तें असें होतें. समजा, शंभर फेऱ्यांत एकदां इंजिन दगा देतें. (आंकडा सोयीसाठीं घेतला आहे, चांगलें राखलेलें इंजिन इतकें वाईट नसतें.) एकच इंजिन असेल तर शंभरांत एकदां आपण समुद्राच्या मध्यावर अडकलों. दोन असतील तर कांहीं ना कांहीं बिघाड पन्नासांत एकदां होईल. म्हणजे कटकट दुप्पट झाली. पण दोन्हीं इंजिनें एकाच फेरींत बसण्याचा प्रसंग दहा हजारांत एकदां येईल. भाचा जो खर्च आणि जी कटकट मोजत होता ती खरी. अक्का जी निर्धास्तता मोजत होती तीही खरी. दोघांचीं मापें वेगळीं, एवढेंच. अटलांटिक विमानानें ओलांडण्याच्या वेळीं हाच वाद पडला होता. सन १९२६ च्या सप्टेंबरांत रेने फाँक ह्या फ्रेंच वैमानिकाचें तीन इंजिनांचें विमान वजनाच्या ओझ्यानें उडतांनाच कोसळलें. पुढल्या मे महिन्यांत लिंडबर्ग एका इंजिनावर साडेतेहतीस तासांत पॅरिसला पोंचला. तीन इंजिनें म्हणजे बिघडण्याचे तीन प्रसंग, असा त्याचा हिशेब. आपल्या जे. आर. डी. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून जुहूला टपाल आणलें तें पस मॉथ विमानही एकाच इंजिनाचें. पण त्यांपैकीं कोणीही आपल्या आईला शेजारीं बसवलें नव्हतें.

परंतु वरच्या गणितांत एक फट आहे, आणि आमच्या सगळ्या निवाड्याचें मर्म त्या फटींत आहे. दहा हजारांत एकदां हें उत्तर केव्हां खरें? दोन्हीं इंजिनांचें नशीब एकमेकांपासून सर्वस्वी निराळें असेल तेव्हां. जुळ्या भावंडांना एकाच ताटांत जेवूं घातलें आणि अन्न नासकें निघालें, तर एकाचें पोट दुखून दुसऱ्याचें शाबूत कसें राहील?

आमचे आजोबा परळच्या एका गिरणींत इंजिनखात्यांत होते. त्यांच्या उमेदवारीच्या काळांत सबंध गिरणी एका वाफेच्या इंजिनावर चाले. घराएवढें चाक, त्याच्या कडेला खांचा, खांचांतून सुती दोरखंड वरच्या मजल्यांवर जात आणि तेथले दांडे फिरवीत. एखादा दोर तुटला तर बाकीच्या दोरांवर काम भागे. इंजिन थांबलें तर चारही मजले एकदम मुके होत. आजोबा म्हणत, त्या शांततेनें झोपलेला माणूससुद्धां जागा होई. पुढें १९१५ पासून खोपोलीची टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली, आणि हळूहळू मोठ्या इंजिनाच्या जागीं पुष्कळ लहान मोटारी आल्या. एक मोटार जळली तर तिच्यापुरतीं यंत्रें बंद. बाकीची गिरणी चालू. सगळ्यांना वाटलें, आतां गिरणी थांबत नाहीं. आणि एका दिवशीं विजेची मुख्य तार तुटली. मोटारी साऱ्या शाबूत होत्या. पण चारही मजले पूर्वींसारखेच मुके झाले. इंजिनखात्यांतल्या एका वृद्ध फोरमननें तेव्हां हंसून विचारलें म्हणे, "आतां सांगा, मोटारी शंभर का एक?"

शर्यतीच्या होड्यांतही अशी गोष्ट आहे. सर हेन्री सीग्रेव्हच्या 'मिस इंग्लंड दुसरी' ह्या होडींत रोल्स-रॉइसचीं दोन इंजिनें होतीं; पण दोन्हीं मिळून फिरवीत होतीं तो पंखा एकच. १३ जून १९३० रोजीं विंडरमिअर सरोवरावर त्यानें विक्रम केला आणि त्याच दिवशीं पुढच्या धांवेंत होडी उलटली. पाण्यांतल्या ओंडक्याशीं ती आपटली असावी असें मानतात. सीग्रेव्ह गेला, त्याच्या बरोबरचा एक यंत्रज्ञही गेला. दोन इंजिनांचा तेथें काय उपयोग होता? तीं सुरक्षिततेसाठीं नव्हतींच, वेगासाठीं होतीं. दोन इंजिनें दिसलीं कीं माणूस आपोआप निर्धास्त होतो. तीं कशासाठीं बसवलीं आहेत तें विचारीत नाहीं.

म्हणून आम्हीं भाच्याला बसवून मुंबईच्या पाण्यांत होडी कशाकशानें बंद पडते त्याची यादी तोंडी करवून घेतली. प्रत्येक कारणापुढें एकच प्रश्न : हें एका इंजिनाला धरील कीं दोघांना?

पहिली आली प्लॅस्टिकची पिशवी. इंजिनाला थंड ठेवणारें पाणी आंत घेण्याचीं जीं भोंकें असतात, त्यांवर पिशवी बसली कीं मिनिटा-दोन मिनिटांत धोक्याची शिटी वाजते. इंजिन थांबवा, पाय वर उचला, पिशवी काढा. पिशव्यांच्या बाबतींत आपलें बंदर फार संपन्न आहे. ओहोटीच्या वेळीं शहराचा सारा ऐवज खाडीनाल्यांतून बाहेर येतो. पण एक पिशवी बहुधा एकाच इंजिनाला धरते. तुटक्या जाळ्याचा फांस, नायलॉनचा दोर, गणेशोत्सवानंतर तरंगणारे बांबू आणि पंख्याला गुंडाळणाऱ्या सुतळ्या, ह्यांचेंही तसेंच. येथें दुसरें इंजिन खरोखर दुसरें आहे. अक्काची सरशी.

मग आलें पेट्रोल. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें, आणि इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें. मोटारगाडीला त्याचें फारसें सुखदुःख नाहीं, कारण तिची टाकी आठवड्यांत रिकामी होते. पण ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत, नव्हे पुढें महिनाभरही, ही असली होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखालीं पडून राहणार. बाहेर मुंबईचा पावसाळा. पाणी पुरेसें मुरलें कीं तें मद्यार्कासह पेट्रोलापासून सुटून टाकीच्या तळाशीं बसतें, आणि इंजिनाची नळी तर तळाशींच तोंड लावून असते. मोसमाच्या पहिल्या दिवशीं, घरचीं सगळीं मंडळी हौसेनें बसलेलीं असतांना, हें पाणी इंजिनांत जाणार. टाकी एक असेल तर दोन्हीं इंजिनें पाठोपाठ, मिनिटाच्या अंतरानें बसणार. दहा हजारांत एकदां कुठलें आणि काय! येथें दोन इंजिनें म्हणजे दुप्पट किंमतीचें एकच इंजिन.

बॅटरी सामायिक असेल तर तेंच. गाळणी सामायिक असेल तर तेंच. आणि चालवणारा तर सामायिक असणारच. त्याला दुसरी प्रत नाहीं. एकवीस वर्षांचा एखादा तरुण रात्रीं जाळ्यांच्या बोयांतून चाळीस नॉटांनीं होडी हांकूं लागला, तर पिछाडीला चार इंजिनें असलीं तरी आम्ही त्या होडींत बसणार नाहीं.

यादींत आम्हीं आणखी एक कलम घातलें तें भाच्याला सुचलें नव्हतें : इंजिन बंद न पडणें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' ह्या प्रवासी लाँचवर नौदलाची एक वेगवान होडी येऊन आदळली. इंजिनाची चाचणी चालू असतां तिचा ताबा सुटला होता. पंधरा माणसें मेलीं. त्या दिवशींची चित्रफीत सर्वांनीं पाहिली आहे, तिचें वर्णन नको. भर वेगांत असलेलें इंजिन हुकूम मानीनासें झालें तर काय, हा प्रश्न 'एक कीं दोन' ह्या वादांत कोणी विचारीत नाहीं. आऊटबोर्डांना ह्यावर उपाय असतो : चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला बांधावयाची एक लाल दोरी, ती ओढली गेली कीं इंजिन तत्काळ मरतें. ती लोक बांधीत नाहींत, कारण ती बांधून रुबाब दिसत नाहीं. आम्हीं भाच्याला विचारलें, दोन इंजिनें असतील तर ही दोरी दोघांनाही एकदम थांबवते ना? त्यानें चौकशी करून दुसऱ्या दिवशीं सांगितलें, थांबवते. सामायिक असावी अशी वस्तु आम्हांला ही एवढीच सांपडली.

ह्यावर आम्हीं निवाडा दिला. होडी शर्यतीसाठीं असती तर एकच इंजिन, आणि भाच्याचें गणित बिनतोड. ती तिघां धडधाकट मित्रांसाठीं असती तरी एकच, फार तर जोडीला दहा-पंधरा अश्वशक्तीचें लहानसें इंजिन, स्वतःच्या डब्यांतलें पेट्रोल पिणारें. कोळ्यांच्या शिडाचा तो आजचा अवतार. पण तींत शहात्तर वर्षांची आई, हृदयाच्या गोळ्या घेणारे वडील आणि लहान मुलें बसणार. वारा आणि ओहोटी विरुद्ध असतां त्या लहान इंजिनाच्या जिवावर एवढी जड होडी किनाऱ्याला आणणें हें आम्हांला पसंत पडेना. म्हणून दोन. मात्र टाक्या दोन, गाळण्या दोन, बॅटऱ्या दोन. पावसाळ्यापूर्वीं दोन्हीं टाक्या रिकाम्या, आणि मोसमाच्या आरंभीं त्या एकाच दिवशीं एकाच पंपावर भरावयाच्या नाहींत. ह्या शेवटच्या अटीला भाचा मनापासून हंसला. पण त्यानें ती लिहून घेतली. शिवाय बिनतारी संच. मोबाइलवर विसंबून चालणार नाहीं, कारण मोबाइल ओळखीच्या माणसाला हांक मारतो आणि बिनतारी जवळच्या माणसाला. 'रामदास'च्या लोकांना जवळच्या माणसांनींच काढलें होतें.

एक अट अक्कानें घातली. मागणी नोंदवण्यापूर्वीं तशाच दोन इंजिनांच्या होडींतून एकदां मांडव्याहून एकाच इंजिनावर परत यावयाचें, आणि ती स्वतः बरोबर असणार. आम्हांलाही जावें लागलें. नोव्हेंबरची सकाळ होती, वारा मंद. जातांना होडी छत्तीस नॉटांनीं गेली. अक्कानें दोन्हीं हातांनीं कांठ धरून ठेवला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. परततांना धक्का सोडून थोडें बाहेर आल्यावर भाच्यानें उजवें इंजिन बंद केलें आणि त्याचा पाय पाण्याबाहेर उचलून घेतला, नाहीं तर मेलेला पंखा पाण्यांत ओढत राहतो. क्षणांत होडी खालीं बसली. नाळ उंचावून राहिली, आणि वेगाचा आंकडा सातांवर आला. भाच्यानें पुढें रेटून पाहिलें. इंजिन कुंथलें, पेट्रोल खाऊं लागलें, होडी मात्र पाण्यावर उचलेना. दोघांच्या जोडीसाठीं निवडलेला पंखा एकट्याला जड जातो, असें त्यानें सांगितलें. चाक एका बाजूला धरून ठेवावें लागत होतें. आमच्या मागून सुटलेली प्रवासी लाँच आम्हांला मागें टाकून गेली. तिच्यावरचे लोक सीगल पक्ष्यांना कुरमुरे टाकीत होते आणि आमच्या झगझगीत होडीकडे करुणेनें पाहत होते. भाच्याच्या मित्रानें टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. अक्कानें कांठ केव्हांच सोडला होता. तिनें थर्मासमधून सर्वांना चहा दिला, खांदेरी कोणती आणि काशाचा खडक कोणत्या दिशेला तें विचारून घेतलें, आणि त्या दिशेला थोडा वेळ पाहत राहिली.

गेटवेजवळ लाँचांची दाटी लागली तेव्हां भाच्यानें दुसरें इंजिन पुन्हां सुरू केलें. एक पुढें, एक मागें असें करून त्यानें होडी तिच्या लांबीएवढ्या जागेंत फिरवली आणि पायऱ्यांना लावली. अक्का उतरतांना म्हणाली, "एवढंच करायचं असतं तर मघाशींच करायचं होतंस, पेट्रोल वांचलं असतं." भाच्यानें आमच्याकडे पाहिलें, आम्ही पायऱ्यांवरच्या शेवाळाकडे पाहत होतों.

मागणी डिसेंबरांत नोंदवली गेली. दोन टाक्यांसाठीं कारखान्यानें जादा पैसे मागितले, त्यांतला अर्धा भाग अक्कानें दिला. रंगाबद्दल मात्र तिघां भागीदारांत अजून एकमत झालेलें नाहीं.